जुळे सोलापूर आणि आजूबाजूच्या वसाहतींत भाड्याने राहणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात बदली होऊन येणारे, शिकायला येणारे आणि पेठेतलं घर सोडून जरा मोकळ्यावर राहू पाहणारे लोक आम्हाला साधारण हेच प्रश्न पाठवतात. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असं लिहिलं आहे. जिथे दुसऱ्या प्रश्नाशी संबंध येतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. पाण्यावरची उत्तरं सगळ्यात लांब आहेत, कारण या शहरात भाड्याचं घर पटतं की नाही हे बहुतेक वेळा पाण्यावरच ठरतं.

१. शांत वसाहत हवी असेल तर सोलापुरात कुठे बघायचं?

विजापूर रोड आणि होटगी रोड यांच्या मधला जुळे सोलापूरचा पट्टा, सैफुल, आसरा चौकाच्या पुढच्या वसाहती आणि पुणे रस्त्याकडे बाळे-केगाव ही नावं सगळ्यात जास्त घेतली जातात. यातला बराचसा भाग १९९२ साली महापालिकेत आला. म्हणून आजही लोक त्याला ‘हद्दवाढ भाग’ म्हणतात. बंगले, रो हाऊस, बंगल्याचा वरचा मजला आणि तीन-चार मजली अपार्टमेंट अशी घरं इथे मिळतात.

भाग निवडताना आधी कामाचं ठिकाण बघा. सिव्हिल हॉस्पिटल, कलेक्टर कचेरी किंवा सात रस्त्याकडे जायचं असेल तर जुळे सोलापूर सोयीचं. विद्यापीठात किंवा चिंचोळी एमआयडीसीत काम असेल तर बाळे-केगावकडे बघा, नाहीतर रोज सगळं शहर ओलांडावं लागेल. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीसाठी त्याच रस्त्यावरच्या वसाहती बऱ्या. मात्र पूर्व भागाच्या जवळ गेलात तर यंत्रमागांची खटखट दिवसरात्र ऐकू येऊ शकते. सवय नसेल तर घर एकदा रात्री दहानंतर जाऊन बघा.

२. घर बघायला गेल्यावर आधी काय तपासायचं?

हौद. हॉल, टाइल्स, मॉड्युलर किचन नंतर बघा. झाकण उघडायला सांगा आणि टेपने लांबी, रुंदी, खोली फुटांत मोजा. तिन्हींचा गुणाकार करून त्याला २८ ने गुणलं की लिटर निघतात. ६ × ४ × ४ फुटांच्या हौदात साधारण २,७०० लिटर मावतात. मग वरची टाकी किती लिटरची आहे आणि हौद किती कुटुंबांत वाटला जातो ते विचारा. खाली मालक आणि वर तुम्ही असाल तर २,७०० चे १,३५० होतात.

हे प्रश्न मालकांना सरळ विचारावेत: “काका, नळाला पाणी किती दिवसांनी येतं? किती वाजता सुटतं आणि किती वेळ असतं? मोटार कोण चालू करतं, आणि तिचं बिल कुणाच्या मीटरवर पडतं?” शेवटच्या प्रश्नावरून पुढे हमखास वाद होतात. त्याचं कारण आठव्या प्रश्नात आहे.

मालकांचं उत्तर ऐकून झालं की शेजारच्या दोन घरांतही तोच प्रश्न विचारा.

३. रोज पाणी येत नाही हे खरं का? चौघांना किती साठा लागतो?

खरं आहे. शहराला उजनी धरणातून, भीमेवरच्या टाकळीहून आणि हिप्परगा तलावातून पाणी मिळतं. उजनी शंभर किलोमीटरच्या आसपास दूर आहे. वितरण आळीपाळीने होत असल्यामुळे वर्षानुवर्षं बहुतेक भागांत तीन ते पाच दिवसांआड पाणी येत आलं आहे. जलवाहिनी फुटली किंवा पंपाची वीज गेली की सगळंच वेळापत्रक एक दिवस पुढे सरकतं. हिशोब करताना तो एक दिवस धरायलाच हवा.

शहरी पाणीपुरवठ्याचं सरकारी प्रमाण माणशी दिवसाला १३५ लिटर आहे. साठवून वापरणारं घर काटकसरीने ९० ते १०० लिटरमध्ये भागवतं. चार माणसं, पाच दिवस, १०० लिटर म्हणजे २,००० लिटर झाले. एक दिवस जादा धरला तर २,४००. पाहुणे किंवा लहान बाळ असेल तर ३,००० लिटरची सोय असलेलं घर घ्या.

साठा मोठा असून भागत नाही, नळालाही तेवढा जोर हवा. पाणी आलेलं असताना २० लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. एक मिनिट लागत असेल तर दोन तासांत २,४०० लिटर येतील. तीन मिनिटं लागत असतील तर जेमतेम ८००, मग हौद कितीही मोठा असला तरी अर्धा रिकामाच राहील. बंगला लाइनच्या शेवटाला किंवा चढावर असेल तर असं होतं. नळाच्या लाइनला थेट मोटार जोडून पाणी ओढायला महापालिकेची मनाई आहे, मोटार जप्त होते आणि शेजाऱ्यांचा नळ कोरडा पडतो. मोटार हौदातून वरच्या टाकीत पाणी चढवण्यापुरतीच असावी.

४. “बोअरला चोवीस तास पाणी आहे” असं सांगतात. त्यावर विसंबू का?

वापराच्या पाण्यासाठी थोडंफार चालेल. पिण्यासाठी मात्र नाही. सोलापूरच्या काळ्या खडकातलं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजायला वेळ लागतो, नळांवर पांढरा थर बसतो, गीझरची कॉइल आणि वॉशिंग मशीन लवकर खराब होतात. खिशात मावणाऱ्या टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) पाणी तपासा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम ही योग्य मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतलं जातं. आकडा ५०० च्या वर असेल तर पिण्यासाठी नळाचं पाणी वेगळं साठवा, आरओ लावा किंवा जार घ्या. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. ते पाणी बादलीत धरा, फरशी पुसायला चालतं.

दुसरी गोष्ट हंगामाची. ऑक्टोबरमध्ये भरभरून वाहणारा बोअर एप्रिलमध्ये दहा मिनिटांत हवा ओढू लागतो. घर पावसाळ्यानंतर बघत असाल तर “गेल्या मे महिन्यात टँकर मागवावा लागला का?” हे शेजाऱ्यांना विचारा. टँकरचा खर्च कोण देणार तेही करारात लिहून घ्या.

५. इतके दिवस पाणी साठवलं तर डास होणार नाहीत का?

झाकण घट्ट नसेल तर होतात. डेंगीचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा, पाणी सुटण्याच्या आदल्या दिवशी, बादल्या, पिंप आणि कूलरची टाकी रिकामी करून आतून घासून घ्या. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी काठाला चिकटून राहतात. हौदाच्या झाकणाची फट आणि टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपचं तोंड बारीक जाळीने बांधा. त्या पाइपकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही.

६. बंगल्याचा वरचा मजला स्वस्त मिळतोय. घ्यावा का?

उन्हाळा काढायची तयारी असेल तरच घ्या. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४० च्या वर जातो, आणि वर मोकळा स्लॅब असेल तर तो दिवसभर तापून रात्री उष्णता खाली सोडतो. रात्री अकरा वाजताही छत हाताला गरम लागतं. तीन गोष्टी बघा. गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग किंवा चुना मारलेला आहे का, झोपायच्या खोलीची भिंत पश्चिमेला आहे का, आणि समोरासमोर खिडक्या आहेत का. गच्ची रंगवून देण्याची विनंती फेब्रुवारीतच करा. मालकांच्याही स्लॅबचं आयुष्य वाढतं, त्यामुळे सहसा नकार येत नाही.

टाकी गच्चीवर उन्हात असेल तर मे महिन्यात दुपारी नळाला कढत पाणी येतं. आंघोळीचं पाणी सकाळीच बादलीत काढून ठेवायचं.

७. कूलर बरा की एसी?

हवा कोरडी असल्यामुळे कूलर इथे खरोखर काम करतो, वीजही कमी खातो. पण मोठा कूलर दिवसाला ४० लिटर पाणी सहज संपवतो. पाच दिवसांचे २०० लिटर झाले, म्हणजे तिसऱ्या प्रश्नातल्या हिशोबात दोन माणसांचा एक दिवस वाढला. बोअरचं जड पाणी वापरलं तर गवतावर क्षार बसतात आणि हवा गार होत नाही, म्हणून दर हंगामाला गवत बदला. एसी लावायचा असेल तर आधी वीजबिलावर मंजूर भार किती किलोवॅट आहे ते बघा, आणि त्या खोलीत एसीसाठी वेगळी वायर व एमसीबी आहे का ते विचारा. जुन्या वायरिंगवर एसी चालवला की पहिल्यांदा प्लग वितळतो.

८. सब-मीटर आहे. बिल कसं वाटायचं?

सब-मीटर म्हणजे मालकांच्या मुख्य मीटरमागे तुमची युनिटं मोजायला लावलेला मीटर. जमत असेल तर स्वतंत्र मीटर असलेलं घरच घ्या. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतो: पहिली १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० बरीच महाग, त्यापुढे आणखी महाग. दोन कुटुंबांनी शंभर-शंभर युनिट वेगवेगळ्या मीटरवर वापरली तर दोघंही पहिल्या टप्प्यात राहतात. तीच २०० युनिट एका मीटरवर आली की अर्धी वीज महाग दराने पडते. मालकांनी फसवलं असं भाडेकरूला वाटतं, पण खरं कारण बऱ्याचदा हे टप्पे असतात.

सब-मीटरच असेल तर ही पद्धत चालते: एकूण बिलातला स्थिर आकार निम्मा-निम्मा, उरलेली रक्कम ज्याच्या-त्याच्या युनिटच्या प्रमाणात. “युनिटला अमुक रुपये” असा सपाट दर कबूल करू नका. पाण्याच्या मोटारीची युनिटं सामायिक धरायची हेही लिहून घ्या.

राहायला जायच्या दिवशी दोन्ही मीटरच्या आकड्यांचे फोटो काढा. बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि चार अंकी बिलिंग युनिट माहीत असेल तर थकबाकी ऑनलाइन दिसते. आधीच्या भाडेकरूची थकबाकी असेल तर ती मिटल्याशिवाय किल्ली घेऊ नका.

९. अकरा महिन्यांचा करार नोटरी केला की पुरतो ना?

नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज बाहेरच्या राज्यांतून आलेला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा) करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. “नोंदणी कशाला?” म्हणणाऱ्या मालकांना हे वाक्य शांतपणे वाचून दाखवा.

नोंदणी आता घरबसल्या होते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर माहिती भरायची, आधारशी जोडलेला अंगठा आणि फोटो द्यायचा, ओळख पटवणारे दोन जण लागतात. अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येणारे एजंट शहरात आहेत. मसुदा मात्र स्वतः वाचा. छापील नमुन्यात पाणी, टँकर, मोटार यांचा उल्लेखच नसतो.

१०. नोंदणीला खर्च किती येतो आणि तो कोण देतो?

मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते मुदतीतल्या एकूण भाड्यावर, अधिक परत न मिळणाऱ्या रकमेवर, अधिक परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेल्या व्याजावर लागतं. उदाहरणार्थ ९,००० रुपये भाडं, ४०,००० डिपॉझिट, ११ महिने. भाडं ९९,०००, व्याज सुमारे ३,६६७, मिळून १,०२,६६७, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे साधारण २५७ रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० आणि ग्रामपंचायत हद्दीत ५०० रुपये. कुंभारीसारख्या गावात घर घेतलं तर ५०० चा दर लागतो. यावर दस्त हाताळणी शुल्क आणि एजंटचा मेहनताना. खर्च निम्मा-निम्मा वाटून घेण्याची पद्धत चांगली, पण आधी बोलून ठेवा.

११. पोलिसांत माहिती कुणी द्यायची?

घरमालकांनी. सोलापूर शहराला पोलीस आयुक्तालय आहे, आणि भाडेकरूची माहिती न दिल्यास मालकांवर कारवाई होऊ शकते. ऑनलाइन अर्ज भरता येतो किंवा त्या भागाच्या पोलीस ठाण्यात कागद देता येतात: आधारची प्रत, फोटो, मूळ गावचा पत्ता, कामाचं ठिकाण. पोच घ्या आणि तिची एक प्रत तुमच्याजवळ ठेवा.

१२. डिपॉझिट किती द्यावं? सोडताना कापून घेतात, त्याचं काय?

दोन महिन्यांचीच मर्यादा आहे असं वाचून बरेच जण विचारतात. ती केंद्राच्या २०२१ च्या आदर्श कायद्यात आहे. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो, त्यामुळे इथे रक्कम बोलण्यावर ठरते. डिपॉझिट बँकेतूनच द्या आणि रक्कम करारात येऊ द्या.

कपातीचा वाद बहुधा रंगावरून होतो. वापराने भिंत मळणं वेगळं, आणि खिळे ठोकून गिलावा पाडणं वेगळं. “रंगकामापोटी इतके रुपयेच कापले जातील, इतर नुकसान बिल दाखवून” अशी ओळ घाला. पहिल्या दिवशी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून मालकांना पाठवा. भिंतींवरच्या आडव्या-तिरप्या भेगा त्यात नक्की घ्या. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे इथल्या कंपाउंड भिंती आणि जोते तडकतात. ती तुमची चूक नाही.

१३. ‘हेवी डिपॉझिट, भाडं शून्य’ घ्यावं का?

तीन-चार लाख देऊन बिनभाड्याचं घर मिळतं तेव्हा हिशोब गोड वाटतो. धोका एकच, पण मोठा: पैसे मालकांनी खर्च केलेले असतात, आणि पुढचा भाडेकरू मिळेपर्यंत ते परत येत नाहीत. घरावर बँकेचं कर्ज थकलेलं असेल आणि बँकेने ताबा घेतला तर तुमची रक्कम अडकते. दुय्यम निबंधक कार्यालयात बोजा (घरावर नोंदलेलं कर्ज) तपासल्याशिवाय आणि नोंदणी झाल्याशिवाय असा व्यवहार करू नका. शंका असेल तर साधं भाडं द्या.

१४. मालक पुण्यात राहतात, व्यवहार त्यांचे भाऊ बघतात. करार कुणाशी करायचा?

करार मालकाशीच. वीजबिल आणि मिळकत कराची पावती कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. ऑनलाइन नोंदणीत मालक पुण्यातून अंगठा देऊ शकतात. भावाने सही करायची असेल तर त्यांच्याकडे तसं कुलमुखत्यारपत्र हवं. वडिलोपार्जित घरात तीन भावांची नावं असतील तर तिघांची सही किंवा दोघांची लेखी संमती घ्या. नाहीतर एकाला भाडं देता आणि दुसरा येऊन “माझा हिस्सा?” विचारतो.

मालक परदेशात स्थायिक असतील तर आणखी एक गोष्ट आहे. अनिवासी भारतीयाला भाडं देताना, रक्कम कितीही लहान असली तरी, आयकर कापून भरण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते. आधी सीएला विचारा.

१५. दुरुस्ती कुणी करायची? सेप्टिक टँक भरली तर?

स्लॅबची गळती, मुख्य पाइप, वायरिंग, मोटार जळणं हे मालकांकडे. नळाचे वॉशर, बल्ब, तुंबलेलं सिंक तुमच्याकडे. वादाचा भाग सेप्टिक टँकचा. हद्दवाढ भागातल्या काही लेआउटमध्ये ड्रेनेज लाइन पोचलेली नाही, तिथे टाकी आणि शोषखड्डा असतो. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, म्हणून पावसाळ्यात तो उलटतो. टाकी शेवटची कधी उपसली ते विचारा. तीन वर्षं झाली असतील तर आत येण्यापूर्वी मालकांनी उपसून द्यावी. माणूस आत उतरवून कधीही साफ करून घेऊ नका. त्यात जीव जातो आणि कायद्यानेही ते बंद आहे, सक्शन गाडीच बोलवा.

१६. अपार्टमेंटची सोसायटी भाडेकरू म्हणून जादा पैसे मागते. द्यायचे का?

मालक स्वतः राहत नसल्याबद्दल नोंदणीकृत गृहनिर्माण संस्था ‘बिनभोगवटा शुल्क’ घेऊ शकते, पण सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच, आणि ते घरमालकाकडून. महापालिकेचे कर त्या हिशोबात धरत नाहीत. मासिक देखभाल कोण भरणार हा वेगळा मुद्दा, तो करारात हवा. सडे विद्यार्थी किंवा मांसाहार यावरून काही जण तोंडी अटी घालतात. मनात असेल ते किल्ली घ्यायच्या आधीच बोलायला लावा.

१७. वसाहत शांत म्हणून घेतली आणि रात्री डीजे. काय करता येतं?

आधी अंतर बघायला हवं होतं: अर्ध्या किलोमीटरच्या आत मंगल कार्यालय किंवा लॉन्स असेल तर लग्नसराईत झोप मिळत नाही. नियमानुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद हवेत. रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. ११२ वर तक्रार करता येते. सणांच्या काही ठरावीक दिवशी सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देते, त्या दिवशी तक्रार टिकत नाही.

१८. मोकळे प्लॉट खूप आहेत. काही धोका?

वेडी बाभूळ माजलेल्या प्लॉटशेजारी पावसाळ्यात साप निघतात. दाराखालची फट बुजवा, अंगणात विटा-लाकडं रचून ठेवू नका, रात्री टॉर्च घेऊन चाला. साप दिसला तर सर्पमित्र बोलवा. चावला तर जखम कापू नका, आवळून बांधू नका, थेट सिव्हिल गाठा. रात्री साडेनऊनंतर आतल्या वसाहतींत शेअर रिक्षा मिळणं कठीण होतं. स्वतःचं वाहन नसेल तर मुख्य रस्त्यापासून चालत दहा मिनिटांच्या आतलं घर बघा.

१९. मुदत संपली, पण नवं घर मिळेना. किंवा मालक पाणी तोडायची धमकी देतात. काय?

मुदत संपल्यावरही राहिलात तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट भाडं भरपाई म्हणून द्यावं लागू शकतं. म्हणून दोन महिने आधी बोलणी सुरू करा आणि मुदतवाढ हवी असेल तर नवा करार नोंदवा. नुसतं भाडं देत राहणं म्हणजे मुदतवाढ नव्हे. दुसऱ्या बाजूने, त्याच कायद्याच्या कलम २९ मध्ये भाडेकरूची पाणी-वीज तोडायला मनाई आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनी तशी एक ओळ करारातच घालून घ्यावी, म्हणजे अर्थ काढायला जागा राहत नाही.

२०. एचआरए आणि पत्ता बदलण्यासाठी काय लागतं?

एचआरए म्हणजे पगारातला घरभाडे भत्ता. त्यावर करसवलत घेताना वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर मालकांचा पॅन लागतो. भाडं ठरवतानाच विचारा, मार्चमध्ये नको. आधार आणि गॅसच्या पत्त्यासाठी नोंदणीकृत करार चालतो, मात्र त्यात तुमचं नाव हवं. नवऱ्याच्या एकट्याच्या नावाने करार केला तर पत्नीचं काम अडतं, म्हणून दोघांची नावं घाला.

२१. घर सोडताना काय क्रम ठेवावा?

करारातल्या मुदतीप्रमाणे, सहसा एक महिना आधी, लेखी नोटीस द्या. व्हॉट्सॲपवर पाठवली तरी “मिळाली” असं उत्तर मागून घ्या. शेवटच्या आठवड्यात मीटर रीडिंगचे फोटो काढून वीजबिलाचा हिशोब मिटवा, बाराव्या प्रश्नातला पहिल्या दिवशीचा व्हिडिओ समोर ठेवून मालकांबरोबर घर फिरून दाखवा, आणि डिपॉझिट जमा झाल्याचा मेसेज आल्यावर किल्ली द्या. जायचा दिवस पाण्याच्या पाळीनंतरचा ठेवलात तर हौद भरलेला राहतो, आणि नव्या माणसाला पहिल्याच दिवशी टँकर बोलवावा लागत नाही.